पत्र्यावरचे सौर पॅनेल आणि खालची फट

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळत असल्याने छतावर सौर पॅनेल ही आता केवळ बंगल्यांची गोष्ट राहिलेली नाही. कमी वीज वापरणाऱ्या आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ ही जोड योजनाही आणली. बीड जिल्ह्यात अशी अनेक कुटुंबे पत्र्याच्या घरात राहतात आणि खरी अडचण तिथेच आहे.

स्लॅबवर पॅनेल लोखंडी सांगाड्यावर उंच बसते. पत्र्यावर मात्र सांगाड्याचा खर्च वाचवण्यासाठी ते बरेचदा पत्र्याला जवळजवळ टेकवून कसले जाते. दिसायलाही ते नीटनेटके दिसते. पण पॅनेलवर लिहिलेली क्षमता पॅनेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस असतानाची असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला सिलिकॉन पॅनेलची निर्मिती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. ऊन वाढले की वीज वाढते हे खरे, उष्णता वाढली की मात्र ती कमी होते.

बीड, गेवराई, माजलगाव या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो. अशा दुपारी मागून मोकळे असलेले पॅनेलही ६५ ते ७० अंशांपर्यंत तापते, म्हणजे क्षमतेतील १५ टक्के तिथेच गेले. मागची हवा कोंडली तर त्यात आणखी १०-१५ अंशांची भर पडू शकते आणि घट २० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. तीन किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी १२ युनिट देतो असे धरले, तर त्यातील पाच टक्के म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण युनिट. रोजचा हा आकडा किरकोळ वाटेल, पण पॅनेल २५ वर्षे चालावे अशी अपेक्षा असते. शिवाय सततच्या उष्णतेने पॅनेलमधील प्लास्टिकचे थर आणि सांधे लवकर खराब होतात. पॅनेलच्या नेहमीच्या चाचण्या साधारण ७० अंशांपर्यंतचा वापर गृहीत धरतात. त्याहून अधिक तापणाऱ्या पॅनेलसाठी ‘आयईसी’ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०२० मध्ये वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या.

पॅनेलवर पाणी मारून ते थंड करता येते, पण बीडमध्ये हा उपाय सुचवणे धाडसाचेच ठरेल. पाण्याअभावी २०१३ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्रच बंद ठेवावे लागले होते. उरते ती हवा, आणि ती फुकट आहे. पॅनेलखालची हवा तापली की हलकी होऊन उताराच्या दिशेने वर सरकते. तिची जागा घ्यायला खालच्या कडेने थंड हवा आत येते. चुलीचे धुराडे याच तत्त्वावर ओढते. पंखा, मोटार काही लागत नाही. अट एवढीच की खालची आणि वरची, दोन्ही तोंडे उघडी हवीत. फट दोन-तीन सेंटिमीटरचीच असेल तर हवा घासून अडते. दहा ते पंधरा सेंटिमीटरची फट, म्हणजे अर्धी वीत किंवा थोडी जास्त, बऱ्यापैकी काम देते. त्यापुढे वाढवून मिळणारा फायदा कमी होत जातो. पत्र्याचा उतार मुळातच कमी असल्याने वर चढणाऱ्या हवेचा ओढा इथे क्षीण असतो. त्यात कडेला शोभेची पट्टी ठोकली किंवा वरचे टोक भिंतीला भिडवले, तर तोही थांबतो.

फट वाढवली की वाऱ्याचे भय वाढते, हे मान्य करावे लागेल. वळवाच्या पावसाआधीचे वादळ पत्रे उडवते. म्हणून तर गावोगावी पत्र्यांवर दगड ठेवलेले दिसतात. उचललेल्या पॅनेलखाली वारा शिरला तर तो पॅनेलसह पत्राही ओढू शकतो. त्यासाठी पॅनेलचा आधार पत्र्याला न देता पत्र्याखालच्या लोखंडी पाइपला किंवा अँगलला द्यावा लागतो आणि ते आधीच गंजलेले नाहीत ना, हे पाहावे लागते. खर्च वाढतो तो इथे. तो टाळून फट बुजवणे ही काटकसर महागात पडणारी आहे.

पॅनेलखालच्या खोलीचाही यात हिशेब आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील संशोधकांनी एका इमारतीच्या छताचे मोजमाप करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. पॅनेलच्या सावलीतील छत दिवसा उघड्या छतापेक्षा सुमारे तीन अंशांनी थंड होते, आणि छत व पॅनेल यांत मोकळी जागा असेल तर हा परिणाम अधिक चांगला होता. रात्री मात्र पॅनेल छताची उष्णता काही प्रमाणात अडवून धरते. पत्र्याच्या घरात दुपारी घरी असणारी वृद्ध माणसे आणि लहान मुले यांना दिवसाची ही सावली मोलाची आहे. ती मिळण्यासाठीही फट वाहती हवी.

अनुदान संचाच्या किलोवॉटवर ठरते, मिळालेल्या युनिटवर नाही. त्यामुळे पॅनेल कसे बसवले याचा तोटा ठेकेदाराला नव्हे, घरमालकालाच सोसावा लागतो. करार करतानाच फट किती सेंटिमीटरची, दोन्ही कडा उघड्या राहणार का आणि आधार कशाला देणार, हे कोटेशनमध्ये लिहून घेता येते.