शंभर डोसांची कुपी, दहा कोंबड्या

गाय दगावली तर पंचनामा होतो. बिबट्याने शेळी नेली तर वनखात्याचा माणूस येऊन भरपाईचे कागद करतो. कोंबडी मेली तर कुणी येत नाही. घरातली बाई चार दिवस हळहळते, खुराडे झाडून ठेवते आणि पुढच्या बाजाराला दोन तलंगा घेऊन येते. तोटा बहुतेक वेळा तिचाच असतो, कारण अंड्यांचे पैसे घराच्या हिशेबात धरलेले नसतात. मुलाची वही, दवाखान्यातली गोळी, माहेरी जायचे एसटीचे भाडे त्यांतूनच निघते.

हा व्यवहार लहान नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशभरात सुमारे ८५ कोटी कोंबड्या व अन्य पाळीव पक्षी मोजले गेले. त्यांतले जवळजवळ ३२ कोटी परसातले होते आणि आधीच्या गणनेपेक्षा त्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया ही नावे आता खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या तोंडी आहेत. पिल्ले वाटली की फोटो निघतो. वाटलेली पिल्ले पावसाळा काढतात की नाही, हे पाहायला मात्र फारसे कुणी फिरकत नाही.

कोंबडी गेली की पहिले बोट मुंगसाकडे जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. मुंगूस दिवसाउजेडी फिरतो. माणसे शेतावर गेली की भरदुपारी कुंपणाखालून येतो. रात्री खुराडे फुटले असेल तर तो उद्योग उदमांजराचा, रानमांजराचा किंवा गावातल्याच भटक्या कुत्र्यांचा असण्याची शक्यता अधिक. कोपऱ्यात ताजी माती उकरलेली आहे आणि पिल्ले एकेक करून कमी होत आहेत, तर घूस. अंडी नाहीशी झाली आणि टरफलाचा तुकडाही मागे नाही, तर बहुधा साप. तो अंडे अख्खे गिळतो. उघड्या अंगणातली पिल्ले घार उचलते, म्हणून पहिले तीन-चार आठवडे ती डालग्याखाली किंवा जाळीखालीच बरी. चोर ओळखल्याशिवाय कुलूप कसले लावणार?

बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, साप भोकातून शिरतो. अर्ध्या इंची चौकोनांची वेल्डमेश जाळी महाग पडते, पण तो खर्च एकदाच. खुराडे जमिनीपासून दोन-अडीच फूट उचलून घेतले तर निम्मी काळजी मिटते. ते जमिनीवरच असेल तर जाळी फूटभर खोल पुरावी, नाहीतर बाहेरच्या अंगाला आडवी पसरून वर दगड ठेवावेत. उकरणारे जनावर भिंतीच्या बुडाशीच उकरते. चार पावले मागे सरून सुरुंग लावण्याची अक्कल त्याला नसते. दार मात्र दिवेलागणीच्या आत लागले पाहिजे. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती पळत नाही, जागच्या जागी मरते.

विष घातलेले मटण ठेवून बदला घेणारेही आहेत. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, ही एक गोष्ट. दुसरी अशी की त्या मटणाने आधी मरतो तो शेजाऱ्याचा कुत्रा, आणि मुंगूस गेला की घुशी मोकाट सुटतात.

आता खुराड्यातच राहणारे शत्रू. कोंबडी दिवसभर ठीक दिसते, पण तुरा फिका पडत चालला आहे, अंडी घटली आहेत, रवणीवर बसवलेली खुडूक कोंबडी अंडी सोडून उठते. अशा वेळी रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन खुराड्यात जावे. कोंबड्या ज्या दांडीवर बसतात तिच्या खालच्या बाजूने पांढरे फडके ओढावे. फडक्यावर लालसर ठिपके उमटले तर ते रक्त प्यालेले बारीक कीटक आहेत. फळ्यांच्या फटीत चपटे गोचीड मिळतील. हे दोघेही दिवसा लाकडात लपतात आणि रात्री कोंबडीवर चढतात, म्हणून दुपारी कोंबडी उलटीपालटी करून पाहिली तरी काही सापडत नाही. नुसत्या कोंबडीला पावडर चोळून उपयोग नाही. औषध फटीत गेले पाहिजे. गोचीड खाण्यावाचून कित्येक महिने तग धरतो, त्यामुळे खुराडे महिनाभर रिकामे ठेवून तो मरेल हा हिशेबही चुकीचा. औषध कोणते आणि किती, हे मात्र दवाखान्यात विचारूनच ठरवावे. शेतातले कीटकनाशक अंदाजाने फवारले तर कोंबड्याच आडव्या होतात. पिसांतल्या उवांसाठी चुलीची राख आणि कोरडी माती यांचा खड्डा उत्तम. कोंबडी त्यात स्वतःहून लोळते.

पावसाळ्यात तूस भिजले की पिल्लांना रक्ती हगवण लागते. ओल्या, उबदार गादीत तिचे जंतू एक-दोन दिवसांत तयार होतात. तूस कोरडे ठेवणे, रोज खालीवर करणे आणि पाण्याचे भांडे विष्ठा पडणार नाही इतके उंच टांगणे, हा पहिला इलाज. पाण्यातून द्यायचे औषध आहे, पण ते लवकर सुरू झाले तरच. दोन-तीन महिन्यांनी जंताचे औषधही हवे.

हे सगळे एकट्या घराला जमण्यासारखे आहे. मानमोडी तशी नाही.

मानमोडी म्हणजे राणीखेत. कुमाऊँतल्या ज्या गावावरून तिला हे नाव मिळाले तिथे १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिची नोंद झाली. हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडून घेतलेला श्वास, लुळा पडलेला पंख आणि वळत वळत पाठीवर गेलेली मान. लस न घेतलेला कळप ती चार-आठ दिवसांत बसवते. रोग विषाणूचा, त्यामुळे हळद-लसूण पाजून तो बरा होत नाही आणि प्रतिजैविकांनीही नाही. उन्हाळ्यात गावोगाव जत्रा असतात, कोंबड्या या बाजारातून त्या बाजारात जातात, पाहुण्यांच्या पिशवीतून नव्या वाडीत पोचतात. मर लागली की उरलेल्या कोंबड्या मिळेल त्या भावाला विकण्याची घाई होते आणि रोग पुढच्या गावाला जातो. यात कुणाला दोष देणे सोपे आहे, पण ज्या बाईची पुंजी डोळ्यांदेखत सरते आहे तिला दुसरा मार्ग कोणी दाखवलेला नसतो. निदान बाजारातून आणलेली नवी कोंबडी पंधरा दिवस वेगळी बांधावी, एवढे तरी पाळता येईल.

लस आहे, स्वस्त आहे आणि पुण्यात औंधला सरकारी संस्थेतच तयार होते. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचे इंजेक्शन. अडचण कुपीत आहे. छोट्यातली छोटी कुपी साधारण शंभर डोसांची आणि घरात कोंबड्या दहा. शीतपेटीतून आणून एकदा पाण्यात मिसळली की ती दोन तासांत संपवावी लागते. नव्वद डोस ओतून देण्यासाठी कोण तालुक्याला जाईल? शिवाय एका घराने लस देऊन शेजारच्या तीन घरांनी दिली नाही तर त्या तीन घरांत रोग घोळत राहतो, आणि उकिरडा सगळ्यांचा एकच असतो. टांझानिया, मोझांबिक या देशांनी उष्णता सोसणारी आय-टू लस गावातल्याच प्रशिक्षित माणसांच्या हाती देऊन ठराविक महिन्यांत गावभर थेंब घालण्याची पद्धत बसवली. आपल्याकडे बचतगटांच्या पशुसखी आहेत, पंचायत आहे, दवंडी आहे. नाही तो ठरलेला दिवस.

बर्ड फ्लूचे भय वेगळे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. एकाएकी बऱ्याच कोंबड्या किंवा आसपासचे कावळे मेले तर त्यांना उघड्या हाताने शिवू नये, विकू किंवा खाऊ नये, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवावे. लपवणाऱ्याचाच जीव आधी धोक्यात येतो.

ग्रामसभांनी उन्हाळा लागण्यापूर्वीचा एक दिवस यासाठी राखून ठेवावा आणि पशुधन पर्यवेक्षकाला आधी कळवावे. सकाळी सहाला कुपी फोडली तर आठपर्यंत एक वाडी सहज होते. फक्त आदल्या संध्याकाळी कोंबड्या कोंडलेल्या हव्यात. एकदा सुटल्या की कुणाच्या हाती लागत नाहीत.