कोंबडी मेली की सावकार दारात येतो



मागच्या बैठकीत कोंबड्यांच्या लसीचा विषय निघाला तेव्हा एक साथी म्हणाला, "जमिनीचे दावे पडून आहेत, आणि संघटनेनं आता कोंबड्यांवर बोलायचं का?" बरेच जण हसले. बाया हसल्या नाहीत, कारण त्यांना हिशोब माहीत होता.

हिशोब असा. दाव्याच्या कामाला तालुक्याला गेलो, ते भाडं कोंबडी विकून आलं. कोर्टाची तारीख, पोरांच्या वह्या, आषाढात धान्य संपल्यावरचं तेल-मीठ, हे सगळंसुद्धा कोंबडी विकूनच. जमीन अजून वनखात्याच्या कागदावर आहे, बैल बापाच्या नावचा आहे, पण कोंबडी बाईची आहे. पूर्वी गार्ड पाड्यात आला की त्याची पहिली नजर खुराड्यावर जायची. कोंबडीची किंमत त्याला कळत होती. आपल्याला कधी कळणार?

मानमोडी आली की आठवड्यात खुराडं रिकामं होतं. पिसं फुगवून कोंबडी कोपऱ्यात बसते, हिरवट-पांढरं हगते, मान वाकडी होते, संपली. सरकारी भाषेत याला राणीखेत म्हणतात. एका घरी आली की पाडाभर फिरते. मग त्या घरची बाई सावकाराकडे जाते, आणि सावकार कोंबडीवर थांबत नाही, शेतापर्यंत येतो. म्हणून आम्ही म्हणतो की हा जमिनीचाच प्रश्न आहे.

आता लस द्यायची की नाही? आमचं म्हणणं स्पष्ट आहे: द्यायची. पण बायांच्या शंका खोट्या नाहीत, त्यांना उत्तर दिलं पाहिजे.

"गावठी कोंबडीला लस कशाला, ती दणकट असते." ऊन, पाऊस, उकिरड्यावरचं खाणं ती सोसते, खरं आहे. पण मानमोडी जात बघत नाही.

"मागं लस दिली तरी मेल्या." हेही खरं आहे. का मेल्या, ते समजून घेऊ. रोग पाड्यात शिरल्यावर लस दिली तर उपयोग नाही. लस म्हणजे औषध नव्हे, अंगात ताकद यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. लस थंड राहिली नाही तर ती मरते, मग नुसतं पाणी दिल्यासारखं होतं. उन्हातून जीपच्या टपावरून आलेली बाटली काय कामाची? आणि मोठ्या कोंबडीची टोचायची लस चिमुकल्या पिल्लाला दिली तर त्या लसीनंच पिल्लू लुळं पडतं.

बरोबर रीत अशी. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. महिन्याचं झालं की पुन्हा एक थेंब. दोन महिन्यांचं झालं की दुसरी लस, आर-टू-बी, पंखाखाली टोचून. आजारी पिल्लाला द्यायची नाही. बाटली बर्फात ठेवायची, सकाळच्या गारव्यात फोडायची, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची.

खरी अडचण इथंच आहे. बाटली शंभर कोंबड्यांची, आणि एका घरी पिल्लं आठ-दहा. एकट्या बाईनं तालुक्याला जाऊन बाटली आणली तर नव्वद डोस मातीत जातात. म्हणून हे एका घराचं काम नाही, पाड्याचं आहे. एकट्यानं दावा भरला तर कारकून हाकलतो, गाव मिळून गेलं तर खुर्ची देतो. इथंही तेच.

आणि सरकार? ही लस पुण्याला औंधच्या सरकारी संस्थेत बनते. पुण्याहून तालुक्यापर्यंत येते, तालुक्याहून पाड्यापर्यंत मात्र रस्ता संपतो. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा रस्ता बरा सापडला होता! मोठ्या पोल्ट्र्यांत रोग, आणि आजूबाजूच्या गावांतल्या घरच्या कोंबड्याही पोत्यात भरून नेल्या. मारायला सरकार दारापर्यंत येतं, मग वाचवायला का येत नाही?

त्याच नवापूरची दुसरी शिकवण आपल्यासाठी आहे. तिथं आधी सगळे राणीखेतच म्हणत होते. मानमोडीची लस बर्ड फ्लूला चालत नाही. लस दिलेल्या कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर लपवू नका, बाजारात विकू नका, नाल्यात फेकू नका. खबर द्या. घार, मुंगूस, जंत यांच्यावरही ही लस नाही. सगळं वाचेल असं खोटं आम्ही सांगणार नाही. मानमोडीत खुराडंच्या खुराडं जातं, ते थांबेल.

एक म्हातारे बाबा म्हणाले, "टोचलेला कोंबडा देवाला चालेल का?" शेजारची म्हातारी लगेच बोलली, "मेलेला चालतो का?" आमच्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

येत्या गावसभेत एवढं ठरवा. महिन्यातला एक दिवस पक्का करा, त्या दिवशी सगळ्या घरची पिल्लं टोपलीत घालून एका जागी आणायची. पाड्यातल्या दोन बाया निवडा, त्यांनी थेंब द्यायला आणि टोचायला शिकायचं. बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी डालायची. आणि दवाखान्याला विनंतीचा अर्ज नको, गावसभेचा ठराव द्या: ठरल्या दिवशी लस बर्फासह बाजारच्या गावापर्यंत आलीच पाहिजे. तिथून पुढं थर्मास आपण वाहू.

ठरावावर पहिले अंगठे बायांचे घ्या. खुराडं त्यांचं आहे.

जिंदाबाद!