डब्याला भोक पाडलेत का?

गेल्या आठवड्यात दवाखान्यात एक आजी आल्या. रक्तदाब तपासून घेण्याआधी त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर उघडली. आत लाल भोपळ्याच्या बिया होत्या. "डॉक्टर, बाजारातला भोपळा फार गोड निघाला, म्हणून बिया धुऊन सावलीत वाळवल्यात. आता अंगण राहिलं नाही. खिडकीत डब्यात रोपं केली, तर मृगात मुलगा शेतावर नेईल बांधाला लावायला. येतील का?" मी म्हटले, "येतील की. पण डब्याला खालून भोक पाडा." आजी हसल्या. "तेवढं कळतं मला."

मला मात्र ते कळायला माझ्याच घरात आजार यावा लागला. म्हणून आजचा हा विषय.

आधी बियांचे सांगतो. लाल भोपळा म्हणा, डांगर म्हणा, काशीफळ म्हणा, विदर्भात कोहळे म्हणा. याचे बी चांगले मोठे असते आणि स्वतःच्या शिदोरीवर उगवते. रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे, सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवावे. दोन-चार दिवसांत टोकाकडून कोंब डोकावतो. मग माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरलेल्या डब्यात, बोटाच्या पहिल्या पेराइतके खोल, टोक खाली करून लावावे. एका डब्यात दोन बिया पुरेत. माती ओलसर हवी, चिखल नको. चिखलात बी कुजते. कोंब वर आला की डबा उजेडाच्या खिडकीत ठेवावा, नाहीतर रोप फिकट आणि लांबट होऊन लवंडते. पहिली दोन जाड पाने खरी नव्हेत. त्यांच्यामागून खरबरीत पाने येतात, तशी दोन-तीन आली की रोप जमिनीत हलवावे. भोपळ्याच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून मातीचा गड्डा न फोडता हलवायचे. यासाठी दुधाची रिकामी पिशवी उत्तम. ती फाडून काढता येते. रोहिणी नक्षत्रात, म्हणजे २५ मेच्या सुमारास बी घातले, तर मृगाच्या पावसाला रोप तयार असते. उंदीर, खार, मुंग्या आणि वळवाचा मार यांतून ते तेवढे दिवस वाचते. डब्यात भोपळा धरत नाही, हे ध्यानात असू द्या. डबा हा पंधरा दिवसांचा पाळणा. पुढे वेलाला बांध, कुंपण नाहीतर गोठ्याचे छप्पर लागतेच.

इतका खटाटोप कशासाठी? भोपळ्याच्या पिवळ्या-केशरी गरातल्या कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. ते अंगी लागायला थोडी स्निग्धता लागते, म्हणून नुसत्या उकडलेल्या फोडींपेक्षा तेलाची फोडणी दिलेली भाजी बरी. कोवळ्या पानांची आणि फुलांचीही भाजी होते. घारग्यांबद्दल मी काही बोलत नाही. माझे मधुमेहाचे रुग्ण हे सदर वाचतात.

आता माझी गोष्ट. २०१९ च्या मे महिन्यात मला हाच नाद लागला होता. घरात श्रीखंडाचे रिकामे डबे होते, त्यात मी बिया लावल्या. गॅलरीच्या फरशीवर चिखल नको म्हणून भोके पाडली नाहीत. निम्म्याहून अधिक बिया कुजल्या. मी बियांना दोष दिला, उगवलेली दोन-तीन रोपे एका मित्राला दिली आणि डबे गच्चीच्या कोपऱ्यात ठेवून विसरलो.

ऑगस्टमध्ये माझी सात वर्षांची नात तापाने फणफणली. डोळ्यांच्या मागे दुखते म्हणू लागली, चौथ्या दिवशी अंगावर पुरळ आले. तपासणीत डेंग्यू निघाला. प्लेटलेट चाळीस हजारांवर आल्या. चार रात्री आम्ही तिच्या उशाशी बसून काढल्या. बाप डॉक्टर, आजोबा डॉक्टर, आणि दोघांच्याही हातात ताप उतरवायचे साधे पॅरासिटामॉल, पाणी आणि वाट पाहणे, एवढेच. डेंग्यूवर नेमके औषध नाही, हे रुग्णांना सांगणे वेगळे आणि नातीच्या आईला सांगणे वेगळे.

आमच्या गल्लीत रुग्ण सापडला म्हणून आरोग्य सेविका आणि आशाताई कंटेनर सर्वेक्षणाला आल्या. सेविकेने गच्चीवर जाऊन त्या डब्यांत टॉर्च मारली. "डॉक्टरसाहेब, अळ्या आहेत बघा." कोरड्या मातीवर तिने पाणी ओतले आणि वहीत आमचे घर 'दूषित' म्हणून लिहिले. दर पावसाळ्यात याच सदरात डेंग्यूवर लिहिणारा मी तिथेच उभा होतो. नातीला चावलेला डास त्याच डब्यातला होता, असे छातीठोक सांगता येणार नाही. हा डास दिवसा चावतो, आणि दिवसा ती शाळेतही असते. नात बरी झाली. पण ज्या भोकाअभावी मेमध्ये बिया कुजल्या, त्याच भोकाअभावी ऑगस्टमध्ये अळ्या झाल्या, हे त्या दिवशी उमगले.

डेंग्यू पसरवणारा पांढऱ्या पट्ट्यांचा एडिस डास गटार शोधत नाही. त्याला साठलेले स्वच्छ पाणी आवडते, आणि वाटीभर पुरते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा असे आपण सांगतो. पण नुसते पाणी ओतून भागत नाही. मादी अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या वर डब्याच्या कडेला चिकटवते, आणि ती कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात. मागच्या वर्षीचा डबा या वर्षी वापरायचा, तर आधी खरखरीत घासणीने आतून घासून काढा.

१६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिन. त्या सुमारास पत्रके वाटली जातात, त्यांत 'निरुपयोगी वस्तूंची विल्हेवाट लावा' असे असते. माझा या वाक्यावर राग आहे. आपल्या कोणत्या घरात निरुपयोगी वस्तू असते? जिन्याखाली ठेवलेला प्रत्येक डबा 'कधीतरी लागेल' म्हणूनच ठेवलेला असतो. टाका म्हटल्यावर आपल्या आया-बहिणी तो टाकणार नाहीत, आणि मला त्यात त्यांची चूकही दिसत नाही. पत्रकात 'भोक पाडा आणि वापरा' असे छापले, तर जास्त घरांत पाळले जाईल. माझे काही डॉक्टर मित्र म्हणतात, कुंड्या आणि डबे हेच मुळात दुखणे आहे, ते बंदच करावेत. मला पटत नाही. ज्या डब्यात कोंब यायचा असतो, त्यात माणूस रोज सकाळी डोकावतो. घात होतो तो रोप निघून गेल्यावर विसरलेल्या डब्याने.

नारळाच्या करवंटीचेच पाहा. डोळ्यांकडची अर्धी करवंटी घेऊन मऊ डोळा टोचला की भोक तयार. बियाला दहा-बारा दिवस ती पुरते. दुसऱ्या अर्ध्या करवंटीला डोळे नसतात. ती चुलीत घाला किंवा पालथी ठेवा, परसात उताणी टाकू नका. प्लास्टिकच्या डब्याला तापवलेल्या दाभणाने चार-पाच भोके पाडावीत, खिडक्या उघड्या ठेवून. खाली ताटली नको. पोत्याचा तुकडा अंथरला की झिरपलेले पाणी त्यात जिरते. पत्र्याचा डबा कापताना हात कापला, तर शेणमातीत तसाच घालू नका. जखम धुवा आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करा.

एका डब्याला मात्र माझ्या लेखी माफी नाही, तो कीटकनाशकाचा. कितीही धुतला तरी तो घरात आणायचा नाही, त्यात बी लावायचे नाही, भोक पाडूनसुद्धा नाही. दुकानातून आणलेले बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचे असेल, तर त्याला बुरशीनाशक लावलेले असते. हाताळल्यावर हात धुवा, उरलेले बी मुलांच्या हाती लागू देऊ नका. तोंडात टाकायच्या बिया भाजीच्या भोपळ्यातल्या. आणि घरच्या वेलाचा भोपळा कडू लागला, तर शिजवून पाहू नका. तो कडूपणा शिजवून जात नाही, पोट मात्र बिघडते.

आजी पुढच्या आठवड्यात रक्तदाबासाठी पुन्हा येणार आहेत. त्यांच्या पुडीतल्या चार बिया मी मागून घेतल्या होत्या, त्या काल रात्री भिजत घातल्या. डब्यांना भोके पाडायचे काम नातीने अंगावर घेतले आहे. दाभण तापवून देणे तेवढे माझ्याकडे.