स्त्रीबळाचें माप कोणीं ठरवावें?

मुलगी वयांत आली, कीं तिचें मैदान सुटतें, ही गोष्ट आपल्या खापरखेड्यासारख्या गांवांत अद्याप पुष्कळ घरीं दिसून येते. कारण विचारलें असतां उत्तर मिळतें, "फार व्यायामानें मुलीचा बांधा पुरुषी होतो." हा आक्षेप केवळ आपल्याच लोकांचा आहे असें मात्र नव्हे. पुढारलेल्या म्हणविणाऱ्या अमेरिकेंतील स्त्रियांच्या शरीरसौष्ठव-स्पर्धेचा इतिहास पाहिला, तर तेथेंही तोच आढळतो.

पुरुषांची 'मिस्टर ऑलिंपिया' ही स्पर्धा १९६५ सालीं सुरू झाली. स्त्रियांची 'मिस ऑलिंपिया' सुरू होण्यास १९८० साल उजाडावें लागलें. फिलाडेल्फिया शहरीं झालेल्या त्या पहिल्या स्पर्धेंत रेचल मॅक्लिश विजयी झाल्या. पुढें लेंडा मरे यांनीं आठ वेळां व आयरिस काइल यांनीं दहा वेळां हा मान मिळविला. पुरुषांच्या स्पर्धेंत दहा विजय आजवर कोणासही साधलेले नाहींत.

परंतु स्त्रियांचे स्नायू जसजसे पुष्ट होऊं लागले, तसतसे स्पर्धेचे चालक कचरूं लागले. २००५ सालापासून स्त्री-स्पर्धकांनीं आपली स्नायुपुष्टी शेंकडा २० नें कमी करावी, असें शरीरसौष्ठवाच्या आंतरराष्ट्रीय संघानें कळविलें. सौंदर्य व आरोग्य हीं कारणें त्यासाठीं देण्यांत आलीं. घातक औषधांनीं फुगविलेलें शरीर आम्हांसही नको. पण आरोग्याचेंच कारण खरें, तर तें पुरुषांस लागू नव्हतें काय? २०१४ नंतर ती स्पर्धाच बंद पडली, व २०२० सालीं पुन्हां सुरू झाली.

आपल्या महाराष्ट्रांत तरी निराळें काय झालें? पुरुष मल्लांसाठीं 'महाराष्ट्र केसरी' हा किताब १९६१ सालापासून आहे. स्त्रियांचा पहिला किताब २०२३ सालीं सांगली येथें प्रतीक्षा बागडी यांनीं जिंकला. मध्यें ६२ वर्षें गेलीं!

वास्तविक आपल्या स्त्रिया दुबळ्या कधींच नव्हत्या. डोक्यावर घागरी व सरपणाचे भारे वाहणारी, वावरांत दिवसभर वांकून राबणारी स्त्री कोणासही 'पुरुषी' वाटत नाहीं. तिचें बळ घरादाराच्या कामीं आलें, तर तें चालतें. तेंच तिनें स्वतःसाठीं मिळविलें, कीं लोकांच्या डोळ्यांत खुपतें. हा न्याय नव्हे.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे, कीं मुलीस खेळाच्या तासास सूट मागणारी चिठ्ठी लिहिण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. आजारपण असेल, तर ती अवश्य लिहावी. केवळ 'लोक काय म्हणतील' या भयानें लिहूं नये. आणि विद्यार्थिनींनो, पदक सर्वांसच मिळतें असें नाहीं. पण ताठ कणा, खोल श्वास व न थकणारे पाय हे नित्य व्यायामानें तुम्हां प्रत्येकीस मिळण्यासारखे आहेत. ते मिळवा, व किती मिळवावयाचे हें तुमचें तुम्हीच ठरवा.