मोटो कुणाचा, ९९९ कुणाचा?

मिस्टर मोटो हा जपानी गुप्तहेर जपान्यांचा कधीच नव्हता. त्याला लिहिलं अमेरिकेच्या जॉन मार्क्वंड यांनी आणि १९३७ ते १९३९ मधल्या आठ चित्रपटांत साकारलं युरोपातून आलेल्या पीटर लॉरेने. पुढे १९५७ च्या ‘स्टॉपओव्हर टोकियो’ या कादंबरीत तो होता. तिच्यावरच्या चित्रपटातून त्यालाच वगळलं. परक्याने घडवलेला नायक परक्याच्याच मर्जीवर जगतो.

तरी बंगळुरूतल्या आम्हा मराठी रसिकांच्या गप्पांत हॉलिवूडचेच हेर. १९६८ च्या ‘जेडर बले’मधल्या राजकुमारच्या सीआयडी ९९९ ची मात्र ‘बाँडची नक्कल’ म्हणून बोळवण! मला हे मान्य नाही. साचा बाँडचा असेल. पण हा हेर कन्नड माणसांनी घडवला, कन्नडमध्येच बोलला. त्याच वर्षी ‘गोवादल्ली सीआयडी ९९९’ मधून तो गोव्याच्या कथेत, म्हणजे आपल्या अंगणात आला. आपण ढुंकूनही पाहिलं नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारलाही आपल्या साहित्यिकांनी ओसरीवरच बसवलं होतं.

सीमेवरून भांडायला दोन्ही भाषांना सवड आहे. मग झुंजार कन्नडमध्ये आणि ९९९ मराठीत आणायला का नाही?