न करण्याचाही हिशेब हवा

ऐंशीच्या घरातील आई न्हाणीघरात पाय घसरून पडते. खुब्याचे हाड मोडल्याचे एक्स-रेमध्ये दिसते. अस्थिरोगतज्ज्ञ शस्त्रक्रिया सुचवतात आणि रुग्णालयातील बाकावर नातेवाइकांची चर्चा सुरू होते. ‘या वयात भूल सोसेल का?’ ‘आमच्या शेजारचे आजोबा टेबलावरून उठलेच नाहीत.’ ‘त्यापेक्षा निजवून ठेवू, हाड हळूहळू जुळेल.’ थोड्याफार फरकाने हा संवाद मी अनेकदा ऐकला आहे. बोलणारी माणसे समंजस असतात, आईवर त्यांची माया असते. तरीही अशा वेळी निर्णय चुकतात. ते का, हे आज पाहू.

पहिले कारण असे की, काही करण्यातून होणारे नुकसान आपल्याला ठसठशीत दिसते. न करण्यातून होणारे दिसत नाही. शस्त्रक्रियेत विपरीत घडले, तर ‘सही आपणच केली’ हा सल उरतो. अंथरुणाला खिळून माणूस गेला, तर ‘वय झाले होते’ अशी मनाची समजूत घालता येते. पण बिछान्याचाही धोका खरा असतो. आठवडेच्या आठवडे पडून राहिलेल्या वृद्धाला शय्याव्रण होतात, न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरते, स्नायू झिजतात. म्हणूनच प्रकृती साथ देत असेल, तर शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून रुग्णाला लवकर उभे करावे, याकडे आज वैद्यकशास्त्राचा कल आहे. काही रुग्णांत ती टाळणे योग्य ठरते. मात्र तेही दोन्ही पारडी तोलल्यानंतर.

दुसरे कारण म्हणजे डोळ्यांसमोर राहिलेली एखादी घटना. शेजारचे आजोबा सर्वांना आठवतात. शस्त्रक्रियेनंतर काठी टेकत देवळात जाऊ लागलेल्या आजींची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही घडलेलेच नसते.

तिसरे कारण शब्दांचे. १९८२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मॅकनील, ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कर्करोग झाल्याची कल्पना करून शस्त्रक्रिया व किरणोपचार यांतून निवड करायची होती. काहींना सांगितले, की शस्त्रक्रियेतून शंभरातील नव्वद जण वाचतात. इतरांना सांगितले, की शंभरातील दहा जण दगावतात. आकडा एकच होता. तरीही ‘वाचतात’ ऐकणाऱ्यांनी शस्त्रक्रिया अधिक प्रमाणात निवडली. विशेष म्हणजे, उत्तर देणाऱ्यांत डॉक्टरही होते आणि तेही या शब्दांच्या प्रभावातून सुटले नाहीत. तेव्हा प्रश्न बुद्धीचा नाही. भीती, घाई आणि अपुरी माहिती यांच्या कात्रीत आपण निर्णय घेतो, हा आहे.

मग करावे काय? आधी डॉक्टरांना विचारावे, ‘निर्णयासाठी आमच्याकडे किती वेळ आहे? तास, दिवस की महिने?’ गुडघ्याचा सांधा बदलण्याचा निर्णय महिनाभर विचार करून घेता येतो. खुब्याच्या हाडाला तेवढी सवड नसते.

नंतर कागदावर मधोमध रेघ ओढावी. एका बाजूला ‘केले तर’, दुसऱ्या बाजूला ‘नाही केले तर’. दोन्हीकडे शंभर रुग्णांमागे किती बरे होतात आणि किती जणांना त्रास होतो, हे आपल्या रुग्णाचे वय व आजार लक्षात घेऊन विचारावे. नेमका आकडा नसेल, तर अंदाज विचारावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. रुग्ण शुद्धीवर असेल व त्याला समजत असेल, तर निर्णय त्याचा आहे. मुले बाकावर चर्चा करतात आणि आईला कोणी विचारत नाही. ‘चार वर्षे कमी जगले तरी चालेल, पण स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जाता आले पाहिजे,’ असे एखादी आई म्हणेल. त्या एका वाक्याने अर्धा गुंता सुटतो.

काही निर्णयांना मात्र विचार करण्याइतकाही अवकाश नसतो. तोंड अचानक वाकडे झाले, एका बाजूचा हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात समजावा. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. जितके लवकर, तितके चांगले. ‘सकाळपर्यंत पाहू’ हाही एक निर्णयच आहे आणि तो फार महाग पडतो. अशा प्रसंगासाठीचे निर्णय आधीच घेऊन ठेवावेत.

वाचकहो, येत्या रविवारी चहाच्या वेळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. सीटी स्कॅनची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, १०८ क्रमांकाला फोन कोण करील, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसह सर्व औषधांची यादी कोठे आहे, हे लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवावे. आणि आई-वडिलांना, ते हिंडते-फिरते असतानाच, विचारून ठेवावे, की त्यांना काय हवे आहे.