वीसच्या आतल्या पोरांनी जायचे कुठे?

सप्टेंबर 2023 मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळा 14,783 आणि त्यात शिकणारी पोरे सुमारे 1 लाख 85 हजार, हा आकडा खात्याचाच. नमुना म्हणून नंदुरबारचे तोरणमाळ आणि पुण्याचे पानशेत दाखविले गेले. मंत्रालयात बसून वाचले तर योजना गोंडस वाटते. तोच कागद घेऊन जिवतीला किंवा भामरागडला यावे.

जिवतीच्या डोंगरावरचा कोलामगुडा असो की एटापल्लीतला माडियांचा टोला, तिथे पट कमी आहे कारण गावच वीस-पंचवीस घरांचे आहे. पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की भामरागडचा संपर्क तुटतो. तालुक्याच्या ठिकाणाची ही गत, तर नाल्यापलीकडच्या टोल्याचे काय? सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडे वाटेवर वाघ आहे. गाडी देऊ, असे सांगतात. जिथे एस.टी. पोहोचली नाही तिथे शाळेची गाडी कोणत्या रस्त्याने जाणार? आणि शाळा लांब गेली की सर्वात आधी घरी बसते ती मुलगी.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याखालचे राज्याचे 2011 चे नियम पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटरच्या आत शाळा मागतात. त्याच नियमात वीस मुलांची अट आहे, असे सरकारी वकील म्हणतील. आहे. पण ती शाळा स्थापन करतानाची अट आहे; चालू शाळेला टाळे ठोकण्याचा तो परवाना नव्हे.

खरी मेख पुढे आहे. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळांना 25 टक्के राखीव जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 रोजी ती रद्द केली, हे चांगले झाले. पण सरकारची नियत उघडी पडली. शहरातल्या गरिबाला सांगायचे, जवळ सरकारी शाळा आहे, तिथे जा. जंगलातल्या गरिबाला सांगायचे, जवळची सरकारी शाळा परवडत नाही, लांब जा. दोन्ही गोष्टी पाच महिन्यांच्या आत!

परवडण्याची ही भाषा जुनी आहे. मार्च 1927 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी शिक्षण खात्याला देवाणघेवाणीच्या हिशोबाने तोलण्यास विरोध केला होता. जिवती तालुक्यातच पालडोहची जिल्हा परिषद शाळा वर्षाचे 365 दिवस भरते म्हणून गाजली. गुरुजी जागेवर असले तर पोरे येतात, हे तिने दाखविले. त्या वाटेने जायचे सोडून टाळे कशाला?

थोडे आपल्याविषयीही. आपला नोकरदार वर्ग पोरे कॉन्व्हेंटात घालतो आणि माडिया-कोलामांच्या शाळेचा प्रश्न 'आदिवासींचा' म्हणून बाजूला सारतो. 16 ऑक्टोबर 1956 ला चंद्रपुरात दीक्षा घेणाऱ्यांची कितीतरी नातवंडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकूनच वकील, मास्तर झाली. प्रस्तुत लेखक त्यातलाच.

समायोजनाचा कागद गावात येण्याची वाट पाहू नका. शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभा, दोघांचे ठराव आधीच करून ठेवा. ठरावात सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाची नोंद घ्या, मधल्या नाल्याचे नाव लिहा, रस्ता कोणत्या महिन्यांत बंद असतो ते लिहा, पोरे घरी माडिया बोलतात की कोलामी तेही लिहा. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याला, एक जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्याला द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.